डावी करंगळी, दोन झटके

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. सामानाचे नग तेवीस, माणसं दोन. त्यांतलं एक उचलून आत आणावं लागलं. ते एक म्हणजे मी नव्हे हे मुद्दाम नोंदवतो, कारण दारापाशी धाप मला लागली होती, आणि ही माझ्या हातांवर आरामात बसून श्वास नाकानं घ्यावा की तोंडानं, ते मला समजावून सांगत होती.

घर झकास आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे काचा लावलेली लांबट पडवी. पडवीत सकाळी एवढा उजेड येतो की ही म्हणाली, नकाशा-कचेरीनं तिला असा उजेड दिला असता तर चष्म्याचा नंबर दोननं कमी राहिला असता. खिडकीतून इस्पितळ दिसतं. चाकांच्या खुर्चीनं चार मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं.

पडवीत घरमालकीणबाईंची एकच वस्तू राहिली आहे. लाकडी खुर्ची, वेताची बैठक अर्धीच विणलेली. मी ऐटीत बसायला गेलो आणि बैठकीतून आरपार जाता जाता वाचलो. ही इतकी हसली की ठसका लागला. घरमालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. थोरल्या बहिणीच्या हातचं काम आहे, ती गेली, तेवढी खुर्ची जागची हलवू नका, असं म्हणाल्या. वातावरण सैल करावं म्हणून 'पडवी' हा शब्द कुठून आला असावा यावर मी त्यांना चार गोष्टी सांगणार होतो, तोच अंगठ्यावर दोनदा दाब आला.

ही आमच्यातली जुनी खूण. लग्नानंतरच्या पहिल्याच समारंभात मी कुणा बिचाऱ्याला धातू आणि प्रत्यय समजावत होतो, तेव्हा हिनं टेबलाखालून डाव्या हाताची करंगळी माझ्या अंगठ्यावर दोनदा दाबली. अर्थ : पुरे आता. त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून चारचौघांत मी तिच्या डाव्या बाजूला बसतो आणि खूण मिळाली की वाक्य अर्धं सोडून गप्प बसतो. पाठशाळेत गुरुजींनी छडीनं जे साधलं नाही ते हिनं करंगळीनं साधलं. मी वर्तमानपत्राला दर आठवड्याला चिठ्ठी लिहिणारा वार्ताहर. माझा खरा संपादक कोण, हे वर्तमानपत्राला ठाऊक नाही.

७ मार्च, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांची पहिली भेट. ही त्यांना 'मोठे' म्हणते, कारण त्यांच्यामागे पाच लहान डॉक्टर चालतात आणि ते थांबले की पाचही एकमेकांवर आदळतात.

सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चौदा महिन्यांपूर्वी नकाशाची रेघ ओढताना शेवटच्या बोटभर अंतरात पेन्सिल थरथरली. मग पापणी फडफडायला लागली, मग पोटऱ्यांचं मांस कातडीखाली उड्या मारू लागलं. मग गुंड्या लागेनात, मग पाऊल उचलेना. सुया टोचून स्नायू तपासले, पाठीतलं पाणी काढलं, डोक्याचे फोटो काढले. सात डॉक्टरांनी सगळे कागद उजेडाला धरून, सगळं नॉर्मल आहे, असं सांगितलं. लक्षण, म्हणजे व्याख्या, कसं असावं हे आम्हाला लहानपणी पाठशाळेत घोकावं लागलं होतं : ज्याचं आहे त्याला सोडून बाहेर जाऊ नये, आणि आत कुठं अपुरं पडू नये. हिची लक्षणं दोन्ही गुन्हे राजरोस करतात.

डॉक्टर हसले नाहीत, पण ऐकून घेतलं. न घाबरवता बोलतात. रोगाचं नाव सापडेपर्यंत वही ठेवा, म्हणाले; तारीख, वेळ, कुठला अवयव, कसली हालचाल, किती वेळा. अर्थ लावायचा नाही, फक्त नोंद करायची. मी लगेच रकाने आखायला घेतले. आता माझ्या दोन वह्या झाल्या. ही म्हणाली, एक डॉक्टरांसाठी आणि एक स्वतःच्या कौतुकासाठी.

या दुसऱ्या वहीच्या समासात ती रोज सकाळी पट्टीशिवाय एक वीतभर रेघ ओढते. आजची थरथरली आहे, पण माझ्या पट्टीनं ओढलेल्या रेघेपेक्षा सरळ आहे.

१२ मार्च, मंगळवार

नवीन काहीतरी. दुपारी ही पडवीत पडली होती, उजवा हात उशीवर. हात आपणहून हलू लागला. थरथर नव्हे, थरथर आता मला अक्षरासारखी ओळखता येते. हे निराळं. अंगठा आणि तर्जनीची चिमूट, ओढ, मनगटाची गिरकी, मग बोटानं खाली दाब. पुन्हा चिमूट, ओढ, गिरकी, दाब. सतरा मिनिटांत एकशे नव्वद वेळा. ज्या हाताला सकाळी चमचा धरवला नव्हता, तो हात.

हीसुद्धा बघत होती. म्हणाली, आपलाच हात चोरून बघितल्यासारखं वाटतंय. मग म्हणाली की हात कामसू आहे पण ओळखीचा नाही.

१५ मार्च, शुक्रवार

घरमालकीणबाई पाण्याच्या टाकीचं बघायला आल्या होत्या. हिचा हात चालू होता. बाई दारातच थांबल्या, आणि बराच वेळ टाकीचं नावच नाही. शेवटी म्हणाल्या की वेत असा ओढतात. भोकातून पट्टी वर घ्यायची, ओढायची, पीळ पडू न देता वळवायची, पुढच्या भोकात दाबायची. त्यांच्या बहिणीनं याच पडवीत तीस वर्षं खुर्च्या विणल्या.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई संध्याकाळी आल्या, त्यांना हे सांगितलं. त्या खूष झाल्या. जे स्नायू आपणहून हलतायत त्यांना काम द्या, म्हणाल्या; जमतंय ते रोज करवून घ्या, बाकीचं मागून येईल. माझ्या मनातलंच बोलल्या. एक पाठ बारा वेळा म्हटला की तेरावा आपणहून येतो, यावर माझा सगळा जन्म उभा आहे.

हिला मात्र पसंत नाही. म्हणाली, दुसरीचं अर्धवट काम पुरं करायची मला मुळीच हौस नाही, माझे चार नकाशे अर्धवट पडलेत ते कोण करणार आहे? मी म्हटलं, व्यायाम समज. ती म्हणाली की शास्त्रीबुवांना शिष्य मिळाला नाही की ते बायकोला धरतात.

१६ मार्च, शनिवार

घरमालकीणबाईंनी वेताच्या सोललेल्या पट्ट्या पाण्यात भिजवून आणल्या. खुर्ची हिच्या पुढ्यात ठेवली, हातात पट्टी दिली. मी जे पाहिलं ते लिहितो. हात क्षणभर थांबला. मग न चाचपडता चौकटीच्या भोकाशी गेला.

पाऊण तास. दोन ओळी. एकही चूक नाही. ही बोटांकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आलो. चौदा महिन्यांत काहीतरी वाढल्याचं मी प्रथमच पाहिलं. आजवर नुसतं वजा होत होतं.

२१ मार्च, गुरुवार

वेळापत्रक लावलं आहे. सकाळी एक तास, दुपारी एक तास. बैठक मुठीएवढी पुढे सरकली.

बाकीचं सांगण्यासारखं नाही. जीभ जड झाली आहे. 'उद्या' म्हणायचं होतं तिला, ते तिसऱ्या खेपेला निघालं. चिडली नाही, हसली. पण हसू ओठांच्या एकाच टोकाला आलं. डावा खांदा उचलत नाही. मी विणकामाची वेळ वाढवून दीड तास केली. जिथं जोर आहे तिथूनच बाकीच्या अंगाला पुरवठा होईल.

एक नवीन लक्षण, वहीत नोंदवलं : डावी करंगळी, दोन झटके. सोमवारपासून. एरवी तो हात लाकडासारखा पडलेला असतो. झटके नेमके विणकाम सुरू करताना, मी तिचा डावा हात बाजूला घेतो तेव्हा. सोमवारी चार वेळा, आज अकरा. मोठे डॉक्टर नोंदींवर खूष. इतका काटेकोर नातेवाईक बघितला नाही, असं म्हणाले. मी थोडा फुललो, हे कबूल करतो.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी रेघेसाठी पेन्सिल दिली. तिनं ती घेतली, फिरवली, टोक बघितलं. काय करायचं ते तिला कळेना. चोवीस वर्षं जिच्या कानामागे पेन्सिल असायची, ती. नकाशात नदी काढताना ती श्वास रोखून धरायची, मी दारातून बघत उभा राहायचो.

मग तिनं पेन्सिल खुर्चीच्या भोकात खोचली. पट्टी निसटू नये म्हणून विणकर खुंटी खोचतात तशी. घट्ट बसली का ते बोटानं हलवून पाहिलं.

समास कोरा आहे.

करंगळी, दोन झटके : एकोणीस वेळा.

३० मार्च, शनिवार

डॉक्टरांनी पुन्हा मोजणी केली. उजव्या हाताची पकड माझ्यापेक्षा जास्त. बाकी सगळं शरीर उतरणीला. असं होत नाही, असं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पाच लहान डॉक्टरही खिडकीबाहेर बघू लागले.

घरी आलो तर घरमालकीणबाई खुर्चीपाशी उकिडव्या बसलेल्या. हिनं विणताना कोपऱ्यातलं तिसरं भोक रिकामं सोडलं आहे, ते बोटानं दाखवत होत्या. त्यांची बहीण पहिल्या खुर्चीत तिथं चुकली होती, नंतर हट्टानं प्रत्येक खुर्चीत ते भोक सोडायची. दुसऱ्या कुणाला हे ठाऊकच नाही. रडत होत्या. हिचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन 'ताई' म्हणाल्या.

मी त्यांना जरा कडकपणे म्हटलं की ही माझी बायको आहे, नकाशे काढते. त्या हो म्हणाल्या, आणि तरीही हात सोडला नाही. बहीणसुद्धा अशीच झिजली म्हणाल्या, पायापासून वर. शेवटपर्यंत एकच म्हणायची, खुर्ची पुरी झाली की मी उठेन.

हे मला आधी का सांगितलं नाही, असं विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणाल्या. वार्ताहराला.

१ एप्रिल, सोमवार

विणकाम बंद. खुर्ची उचलून त्यांच्या दारात ठेवून आलो.

अकरा वाजता हिचा हात हवेत विणू लागला. मग चादरीचे धागे उपसून. मी हात धरून ठेवला. ओठ निळे पडले. छातीच हलेना. चार मिनिटांचा रस्ता, मी धावत—

३ एप्रिल, बुधवार

इस्पितळ. नळी लावली तरी श्वास अडकतो. हात मोकळा सोडला की चालतो, बांधला की थांबतो. तीनदा करून पाहिलं. डॉक्टरांकडे याला नाव नाही. व्यायामाच्या बाईंनी वेताची पट्टी आणून बोटांत दिली. श्वास लागलीच सुरळीत.

ज्यानं श्वास चालतो ते चालू द्या, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाजही लहान झाला होता. घरी घेऊन जा, म्हणाले.

खुर्ची पडवीत परत आली आहे. मी नाही आणली.

५ एप्रिल, शुक्रवार

विणते आहे. डोळे उघडे, माझ्यावर. बोलणं रविवारपासून बंद. मी शेजारी बसून डॉक्टरांची वही चाळत होतो, काहीतरी सुटलं असेल म्हणून. सुटलं नव्हतं. सगळं होतं. माझ्याच अक्षरात, रकान्यात, वेळेसकट.

डावी करंगळी, दोन झटके.
डावी करंगळी, दोन झटके.
डावी करंगळी, दोन झटके.

दोनशे सहा वेळा. प्रत्येक वेळी तिचा हात माझ्या हातात होता. प्रत्येक वेळी ती करंगळी माझ्या अंगठ्यावर होती. पहिली नोंद विणकामाच्या तिसऱ्या दिवसाची.

पुरे आता. पुरे आता. पुरे आता. आणि मी पेन उचलून वेळ लिहिली, आणि पट्टी तिच्या बोटांत दिली.

अर्थ लावायचा नाही, फक्त नोंद करायची.

६ एप्रिल, शनिवार

विचारलं. तिचा डावा हात घेतला, माझा अंगठा तिच्या करंगळीखाली ठेवला. तूच आहेस का, म्हटलं. थांबवू का, असेल तर खूण कर. दोनदा. स्पष्ट.

थांबवलं तर श्वास थांबेल, माहीत आहे का.

दोनदा.

मी म्हटलं, नीट विचार कर. चोवीस वर्षांत या बाईनं काही विचार न करता केलेलं नाही. डोळ्यांत थोडी चेष्टा होती. शपथेवर सांगतो, होती. दोनदा.

उजवा हात मध्ये थांबलासुद्धा नाही.

मी नाही थांबवलं.

७ एप्रिल, रविवार

सात भोकं उरली.

कात्री घेतली होती. दोन पट्ट्या कापल्या. ती गुदमरू लागली, करंगळी दाबत होती, दाबत होती, पुरे, पुरे, मला कळत होतं, ती गुदमरत असतानाही मला तेच सांगत होती की असू दे, कापत राहा— आणि मी कात्री टाकली. नवी पट्टी भिजवून मीच दिली तिच्या हातात. मीच.

भरसभेत जी खूण कधी मोडली नाही, ती इथं, दोघंच असताना.

घरमालकीणबाई दारात चपला ठेवून गेल्या. हिच्या मापाच्या नाहीत. दोन बोटं मोठ्या.

८ एप्रिल, सोमवार

तीन भोकं.

पाय हलले. चौदा महिन्यांत— आणि मला आनंद झाला नाही. पावलं मोठी दिसतात. की मीच—

डोळे अजून तिचे. सकाळी माझ्याकडे होते. दुपारी विणीकडे वळले, प्रथमच. मी हाक मारली. तिच्या नावानं, जे मी लोकांपुढे घेत नाही. डोळे वर आले, उशिरा, कुणीतरी बाहेरून बोलावल्यासारखे.

करंगळी फिकट झाली आहे. दाब कमी. सांगत राहिलो, मी इथं आहे, ऐकतो आहे, तू सांग, मी आता थांबवतो, उद्या नक्की—

उद्या.

९ एप्रिल, मंगळवार. सकाळ

एक भोक. तिनं माझ्याकडे हात पुढे केला, पट्टीसाठी. मी—

दिली.

श्वास चालावा म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. हे लिहून ठेवतो.

खुर्ची झाली. तिसरं भोक सोडून. तिनं तळव्यानं बैठक ठोकून पाहिली.

उठली. आधार न घेता. चपला बरोबर बसल्या. घरमालकीणबाई 'ताई, ताई' करत— तिनं त्यांना स्वच्छ, खणखणीत आवाजात विचारलं की हे गृहस्थ कोण, आणि कधीपासून राहतायत इथं.

डावा हात मी सोडलेला नाही. डाव्या हातानं धरला आहे, उजव्यानं लिहितो. तिला घाई आहे, ओढते आहे. अंगठा करंगळीखाली आहे. चूक झाली माझी, ऐकतो आहे, आता एकदा सांग, या वेळी लगेच—

दाब आला. तिचाच. एकदा.

दुसऱ्याची वाट बघतो आहे. हात निसटतोय. एकदाच आला आहे, अजून एक हवा, अजून